शाश्वतता अभ्यास

शाश्वतता अभ्यास ही महाविद्यालयीन व विद्यापीठीय पातळीवर शिकवली जाणारी आंतरविद्याशाखीय ज्ञानशाखा आहे. निसर्गाची साधने पुढील पिढ्यांसाठी राखून आजच्या माणसांच्या गरजा न्याय्य रीतीने कशा भागवता येतील, हा तिचा मध्यवर्ती प्रश्न होय. त्याचे उत्तर कोणत्याही एका शास्त्राच्या कक्षेत मावत नाही. म्हणून परिसरविज्ञान, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कायदा, अभियांत्रिकी आणि नीतिशास्त्र यांच्या पद्धती एकत्र आणून हा अभ्यास केला जातो. पदवीचा मुख्य विषय, म्हणजे महाविद्यालयांतून ज्याला सर्रास 'मेजर' म्हटले जाते तो, या स्वरूपात ही शाखा प्रामुख्याने एकविसाव्या शतकात रूढ झाली. पर्यावरणशास्त्राशी तिचे जवळचे नाते असले तरी दोन्ही एक नव्हेत. पर्यावरणशास्त्र मुख्यतः निसर्गात काय घडत आहे ते तपासते; शाश्वतता अभ्यासात माणसांनी काय ठरवावे आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हेही अभ्यासविषय असतात.

संज्ञा

'शाश्वत' या संस्कृत शब्दाचा अर्थ नेहमी टिकणारे, अविनाशी असा आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो आत्म्याचे विशेषण म्हणून येतो. 'शाश्वत विकास' हा शब्दप्रयोग शासकीय व्यवहारात आणि वृत्तपत्रांत रुळला आहे. परंतु मूळ संकल्पनेत अविनाशीपणाचा दावा नाही. एखादी गोष्ट पेलत राहणे, ती चालू ठेवता येणे, एवढाच तेथे अभिप्रेत अर्थ आहे. 'टिकाऊ', 'चिरस्थायी' आणि 'धारणक्षम' हे पर्यायही मराठी लेखनात आढळतात. त्यांपैकी 'धारणक्षम' हा अर्थाने सर्वांत जवळचा, पण बोलीत तो उतरला नाही. हिंदीत 'सतत विकास' ही संज्ञा प्रचलित आहे. 'शाश्वत' या शब्दामुळे विषयाला नकळत एक पावित्र्य चिकटते. अभ्यासकाने ते बाजूला ठेवलेले बरे. येथे प्रश्न सहसा हिशेबाचे असतात: किती उपसले, किती भरले आणि कोणाच्या वाट्याला काय आले.

पार्श्वभूमी

या संकल्पनेचा उगम बहुधा जर्मन वनशास्त्रात दाखवला जातो. सॅक्सनी राज्याच्या खाण प्रशासनातील अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ मध्ये वनव्यवस्थापनावर ग्रंथ लिहिला. चांदी गाळण्याच्या भट्ट्यांना अफाट लाकूड लागे आणि जंगले संपत चालली होती. जितके नव्याने वाढेल तितकेच तोडावे, हा त्याच्या प्रतिपादनाचा गाभा. विचार निसर्गप्रेमातून नव्हे, तर खाणी बंद पडण्याच्या भीतीतून आला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

विसाव्या शतकात १९७२ हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावरील संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि डोनेला मेडोज व सहकाऱ्यांचा 'द लिमिट्स टू ग्रोथ' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंट्लांड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ च्या अहवालात शाश्वत विकासाची आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या दिली: भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाध न आणता वर्तमानाच्या गरजा भागवणारा विकास. १९९० मध्ये फ्रान्समधील तालवार येथे विद्यापीठप्रमुखांनी या कामात उच्च शिक्षणाची जबाबदारी मान्य करणारे घोषणापत्र काढले. १९९२ च्या रिओ परिषदेतील 'अजेंडा २१' चे ३६ वे प्रकरण शिक्षणाला वाहिलेले आहे.

२००१ मध्ये भूगोलज्ञ रॉबर्ट केट्स आणि त्यांच्या सहलेखकांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहून 'शाश्वतता विज्ञान' हे स्वतंत्र संशोधनक्षेत्र म्हणून मांडले. निसर्ग आणि समाज यांच्यातील परस्परक्रिया हा त्याचा विषय. विद्यापीठांनी या नावाचे विभाग व पदव्या काढण्यामागे या लेखाचे वजन होते.

आंतरविद्याशाखीयता

वेळापत्रकात पाच विषय शेजारी मांडले म्हणजे अभ्यासक्रम आंतरविद्याशाखीय होत नाही. तो फार तर बहुविद्याशाखीय होतो. सोमवारी रसायन, मंगळवारी अर्थशास्त्र अशी रचना करून दोहोंची सांगड विद्यार्थ्याने आपापली घालावी, अशी अपेक्षा पुष्कळ अभ्यासक्रम बाळगतात. वास्तविक सांगड घालणे हेच या शाखेतील सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते शिकवावेच लागते.

मराठी वाचकाच्या परिचयाचे उदाहरण लातूरचे आहे. मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता आणि साखर कारखानेही होते. असे का घडले? भूजलशास्त्र सांगते की दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाणी फक्त झिजलेल्या थरांत आणि भेगांत साठते. खोल बोअर घेऊन ते लवकर आटते. अर्थशास्त्र सांगते की केंद्र सरकार दरवर्षी रास्त व किफायतशीर दर ठरवून देत असल्याने आणि कारखाना हे निश्चित गिऱ्हाईक असल्याने शेतकऱ्याच्या दृष्टीने ऊस हे कमी जोखमीचे पीक आहे. कडधान्याला तशी हमी व्यवहारात मिळत नाही. कायद्याचा अभ्यासक १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाकडे बोट दाखवतो, ज्यात जमिनीखालचे पाणी काढण्याचा अधिकार जमीनमालकाशी जोडलेला आहे. राज्यशास्त्राला सहकारी कारखाना आणि निवडणूक यांचे नाते दिसते. समाजशास्त्राला दिसतो तो बीडकडचा ऊसतोडणी कामगार, ज्याचे वर्षाचे सहा महिने फडावर जातात.

यांतील प्रत्येक उत्तर खरे आहे आणि प्रत्येक अपुरे आहे. ठिबक सिंचन सक्तीचे करावे, हा अभियंत्याचा उपाय घ्या. ठिबकने एका एकराचे पाणी वाचते; पण वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी एकरभर ऊस लावला, तर एकूण उपसा कमी होत नाही. कोळशाच्या बाबतीत हेच निरीक्षण विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने १८६५ मध्ये नोंदवले होते. पाण्याच्या वाटपाचा नियम बदलल्याखेरीज यंत्राचा उपयोग मर्यादित राहतो, हे विद्यार्थ्याला उमगते तेव्हा दोन शास्त्रे खऱ्या अर्थाने जोडली जातात.

नियम बदलण्याचा प्रयोगही महाराष्ट्रात झालेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीची सुरुवात केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकराच्या हिशेबाने द्यायचे, भूमिहीनांनाही वाटा द्यायचा आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असे तिचे नियम होते. साळुंखे हे पेशाने अभियंते व उद्योजक. परंतु त्यांचे मुख्य योगदान पंप किंवा नळ्यांचे नसून हक्काच्या फेरमांडणीचे होते. सामाईक साधनांची व्यवस्था लोक स्वतः नियम करून दीर्घकाळ चालवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या 'गव्हर्निंग द कॉमन्स' या ग्रंथात अनेक देशांतील उदाहरणांनी दाखवले. राज्यशास्त्राच्या अभ्यासक असलेल्या ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

पहिल्या टप्प्यात परिसरविज्ञान, हवामान, ऊर्जा, सांख्यिकी आणि अर्थशास्त्र यांची पायाभूत ओळख करून दिली जाते. त्यानंतर पाणी, अन्न, शहरे, ऊर्जा, धोरण यांपैकी एका क्षेत्रात विशेष अभ्यास करावा लागतो. शेवटच्या वर्षी नगरपालिका, कारखाना किंवा गाव यांच्यासोबत गटाने एक प्रत्यक्ष प्रकल्प पूर्ण करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. भौगोलिक माहिती प्रणाली, वस्तूच्या निर्मितीपासून विल्हेवाटीपर्यंतचा परिणाम मोजणारे जीवनचक्र मूल्यमापन आणि मुलाखतीचे तंत्र ही साधने शिकवली जातात. जीवनचक्र मूल्यमापनाने पुष्कळ रूढ समजुतींना धक्का बसतो. कापडी पिशवी पुष्कळ वेळा वापरली तरच ती प्लास्टिकपेक्षा सरस ठरते, हे त्यांतले नेहमीचे उदाहरण.

विद्यार्थ्याला नेमके काय यावे, यावर आर्निम वीक, लॉरेन विदिकोम आणि चार्ल्स रेडमन यांनी २०११ मध्ये मांडलेली पाच क्षमतांची चौकट बरीच स्वीकारली गेली आहे. व्यवस्थेचा साकल्याने विचार करणे, भविष्याचे निरनिराळे संभव मांडणे, मूल्यांची चिकित्सा करणे, बदलाची योजना आखणे आणि भिन्न मतांच्या माणसांसोबत काम करणे, या त्या क्षमता. यांतील शेवटची क्षमता लेखी परीक्षेत तपासता येत नाही. त्यामुळे केवळ लेखी परीक्षेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेत ती सर्वांत आधी गळते.

प्रमुख शिक्षणसंस्था

अमेरिकेत मिडलबरी महाविद्यालयाने १९६५ मध्ये पर्यावरण अभ्यास हा पदवीचा मुख्य विषय सुरू केला. मेन राज्यातील कॉलेज ऑफ द अटलांटिक १९७२ मध्ये ३२ विद्यार्थ्यांनिशी उघडले. तेथे विभागच नाहीत आणि सर्व पदवीधरांना 'मानवी परिसरविज्ञान' या एकाच विषयाची पदवी मिळते.

शाश्वतता या नावाने स्वतंत्र विद्यालय काढण्याचा अमेरिकेतील पहिला मोठा प्रयत्न अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचा. ते २००६ मध्ये स्थापन झाले. विद्यापीठ फिनिक्स महानगरात आहे आणि हे महानगर वाळवंटात वसलेले आहे. कोलोरॅडो नदीचे पाणी तेथे शेकडो किलोमीटर लांबीच्या कालव्याने आणले जाते. त्याच खोऱ्यात होहोकाम लोकांनी अनेक शतके कालव्यांवर शेती केली आणि पुढे त्यांच्या वसाहती ओस पडल्या. विद्यालयाचे पहिले संचालक रेडमन हे पुरातत्त्वज्ञ होते, हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. पाण्याच्या टंचाईत शहराने कोणते निर्णय घ्यावेत, याची संगणकीय प्रतिमाने तेथे तयार केली गेली आणि फिनिक्स परिसराचा दीर्घकालीन परिसरशास्त्रीय अभ्यास १९९७ पासून चालू आहे. विद्यालयात कला आणि विज्ञान अशा दोन्ही पदव्या ठेवल्या गेल्या. शहर हीच प्रयोगशाळा करण्याची ही कल्पना पुढे इतरत्रही उचलली गेली.

जर्मनीतील लुनेबुर्ग येथील लॉयफाना विद्यापीठाने २०१० मध्ये शाश्वतता ही स्वतंत्र विद्याशाखाच स्थापन केली.

भारतातील स्थिती

भारतात या विषयाचा प्रवेश न्यायालयाच्या दारातून झाला. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. त्यानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा सामाईक अभ्यासक्रम तयार केला. त्यात ८ घटक होते आणि शेवटचा घटक क्षेत्रकार्याचा होता. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. हेतू उत्तम होता; परंतु शिकवायला त्या विषयाचा शिक्षक नाही आणि श्रेणीत गुणांचे महत्त्व नाही, अशा स्थितीत हा अभ्यासक्रम अनेक महाविद्यालयांत आदल्या वर्षीच्या प्रकल्पवहीची नक्कल करण्यापुरता उरला. नदी ज्या गावातून वाहते, त्या गावातल्या विद्यार्थ्याने नदीवरचा प्रकल्प ग्रंथालयात बसून उतरवावा, यासारखा विरोधाभास नाही.

स्वतंत्र शिक्षणाची सोय मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर आहे. दिल्लीतील टेरी संस्थेला १९९९ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३ पासून कार्यरत आहे. प्रकाश गोळे यांनी स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीने नैसर्गिक साधनांच्या शाश्वत व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चालवला. त्यात वास्तुविशारद, वकील, शेतकरी, गृहिणी अशा सर्वांना एका वर्गात बसवले जाई. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील 'सितारा' हे केंद्र (स्थापना १९८५) अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ग्रामीण भागातील पाणी, ऊर्जा यांसारख्या प्रश्नांवर प्रत्यक्ष काम करायला पाठवते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये मुख्य व दुय्यम विषयांची मोकळी निवड आल्यामुळे पदवी पातळीवरही या शाखेला जागा झाली आहे.

आक्षेप

सर्व थोडे थोडे, पुरते काहीच नाही, हा या शाखेवरचा सर्वांत जुना आक्षेप होय. त्यात तथ्य आहे. सांख्यिकी किंवा मृदाशास्त्र यांपैकी एकही गोष्ट नीट न येणारा पदवीधर बैठकीत सगळ्यांची भाषा समजतो, पण कोणाचे विधान चूक आहे हे त्याला सांगता येत नाही. म्हणून एका पारंपरिक विषयात पक्का पाया आणि त्यावर शाश्वततेचा दुय्यम विषय, अशी रचना अनेक शिक्षणतज्ज्ञ सुचवतात. उलट बाजूने असे म्हटले जाते की जुन्या विभागांच्या भिंती शाबूत ठेवल्यास सांगड घालण्याचे काम कोणाचेच राहत नाही.

दुसरा वाद शाखेच्या आतलाच आहे. यंत्रे, ज्ञान आणि पैसा ही नैसर्गिक संपत्तीची जागा घेऊ शकतात, असे मानणारा पक्ष 'दुर्बल शाश्वतता' या नावाने ओळखला जातो; रॉबर्ट सोलो यांचे अर्थशास्त्र त्याच्या मुळाशी आहे. हर्मन डेली यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ ही अदलाबदल अमान्य करतात: मासेच संपल्यावर अधिक होड्या घेऊन काय करायचे, असा त्यांचा युक्तिवाद. विद्यार्थ्याने कोणता पक्ष घ्यावा हे अभ्यासक्रमाने सांगू नये. मात्र वाद आहे हे लपवूही नये.

पदवीनंतर

स्थानिक स्वराज्य संस्था, पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था, ऊर्जा कंपन्या, संशोधन आणि पत्रकारिता ही नेहमीची कार्यक्षेत्रे आहेत. कंपनी अधिनियम २०१३ ने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करण्याचे बंधन घातले. 'सेबी'ने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसायातील जबाबदारी व शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. त्यामुळे अहवाल तयार करणाऱ्यांची मागणी वाढली. या नोकऱ्यांतील बराचसा वेळ आकडे गोळा करून तक्ते भरण्यात जातो. त्या आकड्यांची जागेवर जाऊन शहानिशा करण्याची सवय ज्याला क्षेत्रकार्यात लागली असेल, त्याचा अहवाल वेगळा उतरतो.