भूसंपर्क दांडा आणि तडिताघात

भूसंपर्क दांडा, अर्थात अर्थिंगचा दांडा, म्हणजे विद्युत प्रवाह जमिनीत उतरवण्यासाठी उभा पुरलेला धातूचा दांडा होय. ५० हर्ट्झच्या नेहमीच्या प्रवाहात त्याचे वर्तन मुख्यतः मातीच्या रोधावर अवलंबून असते. आकाशातील विजेचा प्रवाह मात्र काही मायक्रोसेकंदांत हजारो अँपिअरपर्यंत वाढतो. तेव्हा प्रवर्तकत्वही निर्णायक ठरते.

प्रवर्तकत्वाचा परिणाम
सरळ तारेचे प्रवर्तकत्व दर मीटरला सुमारे १ मायक्रोहेन्री असते. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला १० किलोअँपिअरने वाढल्यास १० मीटर तारेवर सुमारे १०० किलोव्होल्ट विभवांतर निर्माण होते. म्हणून मापकाने दाखवलेला १ ओहम रोध तडिताघातापासून संरक्षणाची हमी देत नाही. जोडतार आखूड, सरळ आणि वेटोळ्यांविना ठेवतात.

परिणामकारक लांबी
प्रवाहाचा वेगाने वाढणारा अग्रभाग दांड्याच्या टोकापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बराचसा जमिनीत पसरतो. त्यामुळे ठरावीक मर्यादेपलीकडे दांड्याची लांबी वाढवून फारसा लाभ होत नाही. एका फार लांब दांड्याऐवजी पुरेशा अंतरावर पुरलेले, एकमेकांस जोडलेले अनेक दांडे अधिक उपयुक्त ठरतात.

मातीचे आयनीभवन
प्रवाह फार मोठा असल्यास दांड्यालगतच्या मातीतील हवेचे आयनीभवन होते. दांडा जणू अधिक जाड होतो आणि रोध तात्पुरता घटतो.

सुरक्षितता
तडिताघाताच्या वेळी दांड्याभोवतीच्या जमिनीचे विभव अंतरानुसार उतरत जाते. त्यामुळे दोन पावलांमध्येही घातक विभवांतर निर्माण होऊ शकते. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर अधिक असल्याने त्यांना अधिक धोका असतो. वादळात अशा दांड्याजवळ उभे राहू नये.