दरी कोणाची?

कोर्टाला मे महिन्याची सुटी लागली, की आम्हा वकील मंडळींना आपल्यालाही पाय आहेत याची आठवण होते. बेळगावचे आमचे बहुतेक व्यवसायबंधू अशा वेळी आंबोलीचा घाट चढतात, किंवा गोव्यातल्या एखाद्या नातलगाच्या ओसरीवर आंबे खात पडून राहतात. गेल्या सुटीत मी जरा लांबचा पल्ला गाठला. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या ताईच्या आग्रहावरून तिच्याकडे तीन आठवडे राहिलो आणि त्यांतले चार दिवस सिएरा नेवाडा पर्वतातल्या योसेमिटीच्या दरीत काढले.

दरी लांबीला सुमारे सात मैल, रुंदीला जेमतेम मैलभर. दोन्ही अंगांना ग्रॅनाइटचे उभे कडे. त्यांतला एल कॅपिटान नावाचा कडा तळापासून तीन हजार फूट सरळ वर गेलेला. मधून मर्सेड नदी वाहते. तिच्या पाण्यात पाय घातला, की गारवा हाडापर्यंत पोहोचतो, कारण ते पाणी कालपरवापर्यंत बर्फ होते. आपल्याकडे धबधबा पाहावयाचा तर छत्री घेऊन श्रावणात निघावे लागते. दूधसागराची खरी शोभा पावसातच. येथला हिशेब उलटा आहे. बर्फ वितळते त्या मे-जून महिन्यांत योसेमिटीचा धबधबा तीन टप्प्यांनी २४२५ फुटांवरून कोसळतो, आणि ऑगस्ट सरता सरता त्याची नुसती ओल उरते. भाचे दिवसभर सायकली फिरवीत. मी आणि भावोजी व्हर्नल धबधब्याच्या पायऱ्या चढलो. तुषारांनी नखशिखांत भिजलो, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाने असे भिजावे की नाही, याचा विचार खाली आल्यावर केला. रात्री एल कॅपिटानच्या काळ्या भिंतीवर मधोमध दोन-तीन दिवे लुकलुकताना दिसले. कड्यावर दोर बांधून चढणारे तरुण तेथेच लोंबकळत झोपले होते. हा कडा प्रथम १९५८ साली सर झाला. दीड वर्षात मिळून ४५ दिवस त्या चढाईला लागले.

पण वकिलाची खोड सुटीतही सुटत नाही. इतकी माणसे येथे हक्काने हिंडतात, तर हा हक्क आला कोठून, हा प्रश्न मला तंबूत स्वस्थ झोपू देईना.

त्याचे उत्तर १८६४ सालच्या एका छोट्या कायद्यात आहे. अमेरिकेत त्या वेळी यादवी युद्ध ऐन रंगात होते. अशा धामधुमीत ३० जून १८६४ रोजी अब्राहम लिंकन यांनी, जी दरी त्यांनी कधीही पाहिली नाही, ती कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन करणाऱ्या कायद्यावर सही केली. अटी दोन. दरीचा उपयोग सर्व लोकांच्या विहारासाठी व विश्रांतीसाठी व्हावा, आणि ती कोणत्याही काळी कोणालाही विकली वा दान दिली जाऊ नये. फार तर दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने काही जागा द्यावी आणि ते उत्पन्न दरीच्याच जपणुकीवर खर्चावे. राजेलोकांनी शिकारीसाठी राने राखल्याची उदाहरणे सर्व देशांत आहेत. परंतु राष्ट्राने कायदा करून एक देखणी जागा सामान्य माणसाच्या पायांसाठी राखून ठेवावी, ही गोष्ट त्या काळी नवीनच होती. दरीच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या मंडळाचे एक प्रमुख फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८६५ साली आपल्या अहवालात हेच मांडले. श्रीमंतांना आपापली उपवने असतात; सरकारने हात घातला नाही, तर सृष्टीचे हे सौंदर्यही मूठभरांच्या कुंपणात जाईल. तो अहवाल सहकाऱ्यांनीच दडपून ठेवला.

आता खटल्याकडे वळतो. जेम्स हचिंग्ज नावाचा एक इंग्रज सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियात आला. १८५५ साली तो प्रवाशांची पहिली टोळी घेऊन या दरीत उतरला आणि पुढे स्वतःच्या मासिकातून त्याने तिची कीर्ती पसरवली. दरीवर त्याचे प्रेम होते यात शंका नाही. परंतु प्रेम आणि धंदा यांत त्याने भेद केला नाही. १८६४ च्या वसंतात, म्हणजे लिंकनची सही होण्यापूर्वी थोडेच दिवस, त्याने दरीतले एक हॉटेल विकत घेऊन तेथे बिऱ्हाड केले. सरकारी पडीत जमिनीवर वस्ती करून राहणाऱ्यास १६० एकरांपर्यंत जमीन किमान दराने विकत घेण्याचा अग्रहक्क तेव्हाच्या कायद्याने दिला होता. त्या आधारे हचिंग्ज म्हणू लागला, की ही जमीन माझी. मंडळाने भाडेपट्टा देऊ केला, तो त्याने नाकारला. राज्याच्या विधिमंडळाने १८६८ साली त्याला जमीन देण्याचा कायदाही केला, पण त्याला काँग्रेसची मान्यता हवी होती आणि ती मिळाली नाही. मंडळाने कबजासाठी दावा लावला. खालच्या कोर्टात हचिंग्ज जिंकला, राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात हरला, आणि अपील वॉशिंग्टनपर्यंत गेले.

हचिंग्ज विरुद्ध लो या खटल्याचा १८७२ च्या सत्रातला निवाडा न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी लिहिला. त्यातला मुद्दा आपल्या मामलेदार कचेरीत पायऱ्या झिजवणाऱ्या कोणासही कळेल. अग्रहक्क म्हणजे मालकी नव्हे. सरकार विकावयास काढील तेव्हा इतरांच्या आधी विकत घेता येईल, एवढाच त्याचा अर्थ. मोजणी झालेली नाही, पैसे भरलेले नाहीत, तोवर नुसत्या वहिवाटीने सरकारचे हात बांधले जात नाहीत, आणि तोवर काँग्रेस ती जमीन कोणत्याही सार्वजनिक कामाकडे वळवू शकते. हचिंग्ज हरला. त्याची हळहळ मात्र राज्याला वाटली. १८७४ साली दरीतल्या वस्तीकरांना भरपाई म्हणून ६०,००० डॉलर मंजूर झाले, त्यांतले २४,००० हचिंग्जच्या वाट्याला आले. पुढल्या वर्षी त्याला बाहेर काढले. कायद्याच्या दृष्टीने मला हा निवाडा निर्दोष वाटतो. तो उलटा लागता, तर आज माझ्या भाच्यांना सायकल फिरवावयास तिकीट काढावे लागले असते, आणि तेही हचिंग्जच्या पणतवंडांकडून.

तरीही मला जी गोष्ट बोचते, ती निराळीच आहे. एका हॉटेलवाल्याच्या काही आठवड्यांच्या, फार तर दहा वर्षांच्या, वहिवाटीवर तीन न्यायालयांनी विचार केला. त्याच्या आधी पिढ्यान्‌पिढ्या या दरीत राहणाऱ्यांच्या वहिवाटीवर एकाही न्यायालयाने विचार केला नाही. दरीचे त्यांच्या भाषेतले नाव अहवानी, आणि तिच्यावरून ते अहवानीची. ओकच्या फळांचे पीठ हे त्यांचे अन्न. १८५१ च्या मार्चमध्ये, सोन्याच्या लाटेत आलेल्या गोऱ्यांची मारिपोसा नावाची स्वयंसेवक पलटण त्यांना हुसकावण्यासाठी दरीत शिरली. त्यांचा नायक तेनाया याचा मुलगा त्या मोहिमेत मारला गेला. पलटणीबरोबरच्या लाफायेत बनेल या गृहस्थाने पुढे एक प्रसंग लिहून ठेवला आहे. वरच्या डोंगरातल्या एका सुंदर तळ्याला आम्ही तुझे नाव देत आहोत, असे त्याने कैद झालेल्या तेनायाला मोठ्या कौतुकाने सांगितले. तेनाया म्हणाला, त्या तळ्याला नाव आहे. आजच्या नकाशावर मात्र ते तेनाया तळेच आहे.

त्याच दोन वर्षांत अमेरिकन सरकारच्या प्रतिनिधींनी कॅलिफोर्नियातल्या जमातींशी अठरा करार केले होते. सिनेटने १८५२ साली ते सर्व फेटाळले आणि वर गुप्त ठेवले. ते १९०५ साली उघड झाले, तोवर सही करणाऱ्यांची नातवंडे म्हातारी होऊ लागली होती. असा दस्तऐवज कोणी माझ्यापुढे आणून ठेवला असता, तर कोणते कलम लावावे हे मला सुचले नसते.

'कधीही विकू नये' या अटीचे पुढे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १८९० साली सभोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९०६ साली दरी राज्याकडून पुन्हा केंद्राकडे आली. परंतु त्याच उद्यानातली दुसरी दरी, हेच हेची, १९१३ च्या कायद्याने सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पाण्यासाठी बुडवावयाचे ठरले. हचिंग्जच्या लाकडाच्या गिरणीत एके काळी काम केलेला जॉन म्यूर त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडला आणि हरल्यावर वर्षभराने वारला. धरण १९२३ साली पुरे झाले. मराठी वाचकाला येथे मुळशी आठवल्यावाचून राहणार नाही. त्याच सुमारास, १९२१ ते १९२४ या काळात, मुंबईच्या विजेसाठी बुडणाऱ्या खोऱ्यातले मावळे सेनापती बापटांसह सत्याग्रह करीत होते. फरक एवढाच, की हेच हेचीत हळहळ रानाची होती. तिथली माणसे कधीच काढून दिलेली होती.

योसेमिटीतल्या अहवानीची वंशजांपैकी काही जण उद्यानाच्या चाकरीत राहून दरीतच टिकले. त्यांच्या शेवटच्या वस्तीतली घरे १९६९ साली पाडण्यात आली. २०१८ साली मात्र, त्या जागी पुन्हा गाव उभारून आपले विधी तेथे करावेत, असा करार उद्यानाने त्यांच्या वंशजांशी केला आहे.

निघण्याच्या दिवशी सकाळी मी एकटाच दरीतले लहानसे स्मशान पाहून आलो. हचिंग्ज तेथे आहे. १९०२ साली, म्हातारपणी, पुन्हा दरी पाहावयास येताना उतारावर घोडागाडी उधळली आणि तो गेला. त्याची मुलगी फ्लॉरेन्स, दरीत जन्मलेले पहिले गोरे मूल, तीही तेथेच आहे; ती सतरा वर्षांची होऊन वारली. जवळच काही अहवानीची लोकांच्या समाध्या आहेत. एकदोन दगडांवर नुसती पहिली नावे, तर काहींवर तेही नाही. मी ती वाचीत होतो, तोच भावोजींनी गाडीचा भोंगा वाजवला. उशीर झाला तर बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग दोन तास हलत नाही, असे ते आदल्या रात्रीच बजावून ठेवीत होते.