तीन कामं, एक भांडं : फ्रँकलिन काउंटीचा ब्लॅक पॉट

मोहाच्या दारूवरचा भाग ऐकून एका श्रोत्यांनी विचारलं होतं, सडवा एका भांड्यात घालायचा आणि गाळायला दुसरं भांडं चढवायचं, हा उपद्व्याप कशाला? सगळं एकातच उरकता येत नाही का?

येतं की. अमेरिकेतल्या एका काउंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागाने, त्यावर अख्खा धंदा उभा केला. व्हर्जिनिया राज्यातली फ्रँकलिन काउंटी, ब्लू रिज डोंगराच्या पायथ्याशी. आजचा भाग तिथल्या भांड्याचा. त्याला ते लोक ब्लॅक पॉट म्हणतात, आणि आकारावरून सबमरीन, म्हणजे पाणबुडी.

आधी जुनी रीत बघू. मक्याचं पीठ गरम पाण्यात शिजवायचं, आपल्या आंबिलीसारखं. त्यात मोड आणून वाळवलेलं धान्य, म्हणजे माल्ट घालायचं. पिठाची साखर होते ती माल्टमुळे. मग यीस्ट. हे सगळं लाकडी पिंपात चार-सहा दिवस आंबत राहतं. आंबलं की बादल्यांनी काढून तांब्याच्या भट्टीत ओतायचं, खाली जाळ लावायचा, वाफ थंड पाण्यातल्या नळीतून काढायची, की धार सुरू.

आता यात पिंपं स्वस्त आणि तांबं महाग. आंबायला दिवस लागतात, गाळायला काही तास. मग महागडी भट्टी आंबवणात का अडकवून ठेवायची? पिंपं पाच-सात, भट्टी एक. हिशेब सरळ आहे. म्हणजे श्रोत्यांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे, की भांडं महाग असेल तर त्याच्याकडून एकच काम करून घ्यायचं, जे दुसऱ्या कुणाला जमत नाही ते.

हा हिशेब उलटा केला तो कायद्याने. व्हर्जिनियात दारूबंदी आली १९१६ मध्ये, देशभर १९२० मध्ये, आणि उठली १९३३ मध्ये. पण उठल्यावरही कर होताच, आणि तो चुकवायचा म्हणजे चोरूनच गाळायचं. धाडी पडायच्या तेव्हा अंमलदार भट्टी कुऱ्हाडीने फोडायचे, डायनामाइट लावायचे. तांब्याची भट्टी गेली की घरातली पुंजी गेली.

म्हणून ब्लॅक पॉट. बाजूंना लाकडाच्या फळ्या, बाकी जस्ताचा पत्रा, जमिनीत खणलेल्या चरावर आडवं ठेवलेलं लांबट खोकं. पुढेपुढे ८०० गॅलनचं माप रूढ झालं, म्हणजे साधारण ३ हजार लिटर. याच्यातच पीठ शिजवायचं, निवलं की यीस्ट आणि साखर घालायची, आंबू द्यायचं. मग वर टोपण बसवून सांधे लिंपायचे आणि खाली जाळ. बादल्या भरणं नाही, ओतणं नाही. गाळून झाल्यावर तळाशी राहिलेला चोथा आणि आंबट गरम पाणी टाकायचंही नाही. त्यावरच पुन्हा साखर, पुन्हा यीस्ट. दुसरा घाणा सुरू!

खोड एकच. भांड्यात पिठाचा गाळ असतो, तो तळाला लागतो, करपतो. म्हणून उकळी फुटेपर्यंत सतत ढवळायचं. घरी खीर करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण तेवढं सोडलं तर दोन-चार माणसं भांड्यांची रांगच्या रांग सांभाळू शकत. पत्रा आणि फळ्या, त्यांचं काय एवढं? धाड पडली, गेली. दुसरी ठोकू.

मला यातली हीच गोष्ट महत्त्वाची वाटते. एका भांड्यात तीन कामं ही कुणा अडाण्याची सोय नव्हती. गमावण्यासाठीच बनवलेलं भांडं होतं ते. आणि त्या स्वस्ताईची किंमत पिणाऱ्याने मोजली. तांबं वाफेतली गंधकाची घाण धरून ठेवतं, पत्रा नाही धरत. त्यात वाफ थंड करायला काहीजण मोटारीचे जुने रेडिएटर लावत, ज्यांच्या सांध्यांना शिशाचा डाख असे. ते शिसं दारूत उतरायचं, आणि प्यायलेल्या माणसाच्या रक्तात. तांब्याच्या भट्टीवरचा म्हातारा, त्याची पहिल्या धारेची, हे चित्र छान आहे. पण शहरात ट्रक भरभरून जाणारा माल हा असा होता.

किती जात होता? त्याचं माप कोर्टात निघालं. १९३५ मध्ये रोअनोकच्या संघराज्य न्यायालयात मोठा खटला चालला. आरोप असा की, काउंटीतले अधिकारीच दर भट्टीमागे हप्ता घेत होते. खटल्याआधी, ऑक्टोबर १९३४ मध्ये, जेफ रिचर्ड्स नावाच्या डेप्युटी शेरीफला रस्त्यावर गोळ्या घालून मारलं, आणि सोबतच्या कैद्यालाही. लेखक शेरवुड अँडरसन खटल्यावर लिहायला गेले. बरेच दोषी ठरले, शिक्षा मात्र बेताच्या झाल्या. सरकारी वकील कार्टर ली निर्दोष सुटला.

त्या खटल्यातले आकडे बघा. १९३० पासूनच्या चार-पाच वर्षांत काउंटीत साखर आली सुमारे ३ कोटी ३८ लाख पौंड. लोकवस्ती साधारण २४ हजार. म्हणजे तान्ह्या पोरांसकट दर माणशी सहाशे किलोहून जास्त! मक्याचं पीठ त्याच्या निम्म्याहूनही कमी. बघा, मका आता नावाला उरला होता; दारू होती साखरेचीच. आपल्याकडे हातभट्टीच्या बातमीत ‘गूळ, नवसागर आणि इतके लिटर कच्चं रसायन नष्ट’ असं वाचतो ना, तोच प्रकार. गोड माल बाजारात मिळतो, मग धान्याला मोड कोण आणत बसणार?

आणि साखर म्हटलं की दुकानदार आला, गोदाम आलं, उधारी आली. पैसा तिथे राहिला. जाळ घालणारा आणि ढवळणारा शेतकरी रात्रभर जागून पकडला जायचा तोच.

भांडी फोडून काही होत नाही हे सरकारच्याही हळूहळू लक्षात आलं. २००० च्या आसपास याच भागात ‘लाइटनिंग स्ट्राइक’ नावाची मोहीम झाली. तेव्हा तपास करणारे फक्त डोंगर धुंडाळत बसले नाहीत. शेतीसामानाच्या एका दुकानातून टनावारी साखर कुठे जाते, त्याच्या मागे लागले. त्याच काउंटीत, फेरम कॉलेजच्या ब्लू रिज इन्स्टिट्यूटने या धंद्याचा इतिहास प्रदर्शनात मांडलाय, उत्सुकता असेल त्यांनी जरूर शोधावं. आजच्यापुरतं इतकंच, मंडळी.