पांढऱ्या पायाची नव्हे, रक्ताची गोष्ट

पालघर जिल्ह्याचे मुख्यालय आज कोळगावात आहे. तिथल्या एखाद्या घरात डोकावून पाहू. सुनेला दिवस जातात आणि दोन-तीन महिन्यांतच गर्भ पडतो. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही तेच. मग कुजबुज सुरू होते, सून पांढऱ्या पायाची! नवस होतात, अंगारे होतात. रक्त मात्र कुणी तपासत नाही.

ते तपासले 1939 साली अमेरिकेत, लेव्हिन आणि स्टेट्सन यांनी. एका बाईला मृत मूल झाले होते. तिला नवऱ्याचे रक्त दिले, ते तिला सोसले नाही. बापाकडून मुलात उतरलेल्या एका घटकाविरुद्ध तिच्या रक्तात प्रतिद्रव्ये तयार झाली होती. पुढे हाच आर-एच घटक ठरला. यात आईचा अपराध तो कोणता? 1968 पासून यावर प्रतिबंधक इंजेक्शनही निघाले.

आपला मुलूखही या शोधात मागे नव्हता. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली मुंबईतला एक दुर्मीळ, आनुवंशिक रक्तगट जगापुढे मांडला. तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणूनच ओळखला जातो. 1957 साली मुंबईत रक्तगटांचे केंद्र निघाले. तीच संस्था आज परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात रक्ताच्या आनुवंशिक दोषांवर काम करते.

पण आर-एचचा घाला बहुधा वाढलेल्या गर्भावर पडतो. मग पहिल्या तीन महिन्यांतले काय? माणसाची गुणसूत्रे 46, हे 1956 साली ठरले. पुढे कळले, की लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत हा हिशेब चुकलेला असतो, आणि बहुतेक वेळा निव्वळ योगायोगाने. थोड्या जोडप्यांत मात्र एकाच्या गुणसूत्राचा तुकडा जागा सोडून बसलेला असतो. तो दोष धडधाकट नवऱ्यातही असू शकतो! 1983 साली लंडनच्या डॉ. ह्यूज यांनी आणखी एक कारण उलगडले. काही स्त्रियांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये रक्त गोठवतात, वारेचे काम बिघडवतात. अशांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ॲस्पिरिन आणि हेपॅरिन देतात.

सगळी कारणे सापडतात असे नाही. सुमारे निम्म्या जोडप्यांत काहीच हाती लागत नाही. तरी त्यांतल्या बहुतेकांच्या घरी पुढे पाळणा हलतो.

म्हणून सांगणे एवढेच, की सुनेला एकटीला दवाखान्यात धाडू नका. मुलालाही बरोबर पाठवा, आणि दोघांचे रक्त तपासून घ्या.