छोट्या धंद्यात महत्त्वाच्या जागेवर योग्य माणूस कसा निवडावा?

बेकरी, गॅरेज, शिलाईचा कारखाना, केटरिंग, फर्निचर, मोबाइल दुरुस्ती. आपल्याकडे अशा धंद्यांवर चालणारी घरे पुष्कळ आहेत. पाच ते पंधरा माणसांचा कारभार असतो. यातल्या बहुतेकांना भांडवलाची अडचण येते, जागेची येते, पण रोजची डोकेदुखी विचारली तर उत्तर एकच मिळते : "माणसं मिळत नाहीत. मिळाली तर टिकत नाहीत."

हा लेख त्याच अडचणीवर आहे. बोलणे हवेत राहू नये म्हणून सगळीकडे बेकरीचे उदाहरण घेतले आहे. धंदा दुसरा असेल तर नावे बदला, पद्धत तीच लागू पडेल.

रिकामी जागा शेवटी कोण भरतो?

बेकरीचा कारीगर अचानक गावी गेला, गल्ल्यावरचा मुलगा काम सोडून गेला, तर दुकान बंद राहत नाही. ती जागा घरातलेच कोणीतरी भरते. आधी मालक स्वतः दोन माणसांचे काम ओढतो. रात्री भट्टी, सकाळी गल्ला, दुपारी वसुली. मग शुगर आणि बीपीच्या गोळ्या सुरू होतात. त्यानंतर नंबर लागतो मुलाचा. "आठ दिवस दुकानात बस, माणूस मिळाला की शाळेत जा." आठ दिवसांचे दोन महिने होतात आणि नववीतला मुलगा दहावीचा फॉर्म भरायला येतच नाही.

शिक्षक म्हणून हे दर वर्षी दिसते. मुलगा हुशार नसतो असे नाही, घरात गरिबी असतेच असेही नाही. दुकानात एक जागा रिकामी झालेली असते आणि ती कशी भरायची याची तयारी नसते, एवढेच. म्हणून योग्य माणूस शोधणे हा फक्त नफ्या-तोट्याचा प्रश्न नाही. मालकाची तब्येत आणि मुलांचे शिक्षण, दोन्ही त्यावर अवलंबून आहे.

आधी काम लिहा, मग माणूस शोधा

बहुतेक ठिकाणी उलटे होते. "अमक्याचा मुलगा रिकामा आहे, ठेवून घ्या," असा निरोप येतो आणि माणूस आधी येतो, काम नंतर ठरते. त्याऐवजी एक वही घ्या आणि स्वतःला एक प्रश्न विचारा : कोणता माणूस उद्या आला नाही तर परवा धंदा अडेल? जी नावे येतील त्या तुमच्या महत्त्वाच्या जागा. छोट्या बेकरीत त्या साधारण चार असतात.

१. भट्टीचा उस्ताद. पीठ भिजवण्यापासून माल भट्टीतून काढण्यापर्यंतची जबाबदारी त्याची. लादी पाव, ब्रून, खारी, टोस्ट, नानखटाई यांचा दर्जा त्याच्या हातात असतो. पहाटे दुकानांना माल पोचायचा तर त्याचे काम रात्रीच सुरू होते.

२. गल्ल्यावरचा माणूस. रोख, क्यूआर कोडवरचे पैसे, सुट्टे, गिऱ्हाइकाशी बोलणे आणि संध्याकाळचा मेळ.

३. माल पोचवणारा. चहाच्या टपऱ्या, वडापावच्या गाड्या, किराणा दुकाने यांना वेळेवर माल देणे, उरलेला परत आणणे, उधारी वसूल करणे. धंद्याचा खरा चेहरा हाच असतो.

४. हिशोब सांभाळणारा. खरेदीची बिले, उधारीची वही, पगार, जीएसटी. मालाच्या विक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. त्यानंतर विवरणपत्र वेळेवर गेले नाही तर दंड आणि व्याज लागते.

प्रत्येक जागेसाठी चार-पाच ओळी लिहा : काय करायचे, किती वाजता, कोणाला विचारायचे, काय अजिबात करायचे नाही. हा कागद उमेदवाराला वाचून दाखवा. "सगळंच बघायचं" असे सांगून ठेवलेला माणूस शेवटी काहीच बघत नाही.

दोन कसोट्या : हात आणि अमानत

सूरह कससमध्ये हजरत मूसा अलैहिस्सलाम यांचा किस्सा येतो. मदयनमध्ये एक मुलगी आपल्या वडिलांना त्यांना कामावर ठेवण्याचा सल्ला देते आणि दोन गुण सांगते : माणूस ताकदीचा असावा आणि भरवशाचा असावा. नोकर निवडण्याचे सगळे शहाणपण या दोन गोष्टींत आले. कामाची ताकद म्हणजे कसब, आणि अमानतदारी म्हणजे सचोटी.

आपली गफलत होते ती इथे, की एकाच्या बदल्यात दुसरे चालवून घेतो. "नमाजी आहे, घरचा आहे," म्हणून हिशोब न येणाऱ्याला वही देतो. किंवा "हात सोन्याचा आहे," म्हणून उस्तादाची रोजची मैद्याची गफलत पोटात घालतो. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासा. शिवाय जागेनुसार वजन बदलते. भट्टीवर कसब आधी, गल्ल्यावर सचोटी आधी. माल पोचवणाऱ्याला दोन्ही हवे, वर जिभेवर गोडवा हवा.

माणूस मिळतो कुठे?

ओळखीतून मिळतो, हे खरे. पण फक्त ओळखीवर राहिलात तर निवड दोन-तीन माणसांतच होते. आणखी काही दारे आहेत.

आयटीआयमध्ये बेकर अँड कन्फेक्शनर, फूड प्रॉडक्शन असे ट्रेड आहेत. गॅरेज किंवा कारखान्याला फिटर, इलेक्ट्रिशियन मिळतात. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना जाऊन भेटा, परीक्षा संपण्याच्या आधी भेटा.

शिकाऊ उमेदवार ठेवण्याची केंद्राची योजना आहे, राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना. चार किंवा जास्त माणसे असलेला धंदा शिकाऊ उमेदवार घेऊ शकतो. त्याच्या विद्यावेतनातला २५ टक्के वाटा, महिन्याला १५०० रुपयांपर्यंत, सरकार देते.

राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर रिकाम्या जागेची नोंद करता येते.

हिशोबासाठी बाहेर शोधण्याआधी घरात आणि मोहल्ल्यात बघा. बारावी कॉमर्स, बीकॉम झालेल्या मुली लग्नानंतर घरी आहेत. दिवसाला तीन-चार तासांचे, ठरलेल्या पगाराचे काम त्या उत्तम करू शकतात. टॅलीचा छोटा कोर्स केलेला असेल तर आणखी बरे. घरची सून किंवा मुलगी हे काम करत असेल तर तिलाही पगार लावा. पगार लावला की ते काम गणले जाते, नाहीतर ते "घरचंच तर आहे" मध्ये जमा होते.

आणखी एक गोष्ट. माणूस कोणत्या समाजाचा, कोणत्या गावचा, हे भट्टीला कळत नाही. सगळी माणसे एकाच गावची असतील तर ईदला सगळी एकदम गावी जातात आणि नेमकी मागणी असते तेव्हा दुकान अडते. निरनिराळ्या समाजांची माणसे असतील तर ईदला एक जण सांभाळतो, दिवाळी-गणपतीला दुसरा.

बोलण्यावर नको, कामावर पारखा

मुलाखतीत सगळेच गोड बोलतात. दोन-तीन दिवस काम करून घ्या आणि त्या दिवसांची मजुरी द्या. फुकट परीक्षा घेणे हा हक्क मारणे आहे.

उस्तादाला दहा किलो मैदा द्या. पाव सारखा फुगला का, वरचा रंग एकसारखा आला का, किती माल वाया गेला, काम झाल्यावर टेबल आणि परात पुसली का, एवढे बघा. नवी भट्टी चालवता येते का, हेही विचारा. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावरच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदलण्याचा आदेश दिला. लाकडाच्या आचेवर हात बसलेल्या जुन्या कारीगराला गॅस किंवा विजेची भट्टी नव्याने शिकावी लागते. तो शिकायला तयार आहे का, हे त्याच्या आजच्या कसबाइतकेच महत्त्वाचे आहे.

हिशोबाच्या उमेदवारासमोर मागच्या महिन्याची वीस बिले ठेवा. त्यातले एक मुद्दाम काढून घ्या आणि एकूण रक्कम पूर्ण सांगा. मेळ लागत नाही हे तो स्वतः येऊन सांगतो, की कसातरी मेळ बसवून देतो? उत्तर तिथेच मिळेल.

गल्ल्यावरच्या माणसाला गर्दीच्या वेळी बसवा. माल पोचवणाऱ्याबरोबर एक फेरी मारा आणि दुकानदार त्याच्याशी कसे बोलतात ते ऐका.

आधीच्या मालकाला फोन जरूर करा. "कसा आहे?" विचाराल तर "चांगला आहे" असेच उत्तर येईल. "परत आला तर ठेवाल का?" असे विचारा. उत्तर द्यायला किती वेळ लागतो त्यावरून पुष्कळ कळते.

सचोटीची व्यवस्था मालकाने करायची

भरवसा ठेवावा, पण कारभार असा ठेवावा की चांगल्या माणसाचा पाय घसरू नये. रोख घेणारा आणि वही लिहिणारा एकच नको. क्यूआर कोड दुकानाच्या खात्याचाच असावा, नोकराच्या मोबाइलवरचा नको. रात्री गल्ला मोजताना दोघे असावेत आणि दोघांची सही असावी. किती पोती मैदा आला आणि किती लाद्या निघाल्या याची रोज नोंद हवी. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्येच आहे, त्यामुळे "एवढा पण भरवसा नाही का?" म्हणून कोणी रुसायचे कारण नाही. उलट लिहिलेले असले की खोट्या आळापासून नोकरही वाचतो.

नातेवाईक ठेवायचा असेल तर

ठेवा, काही बिघडत नाही. पण तीच परीक्षा, तोच पगार, तीच हजेरी. पहिल्याच दिवशी, शक्य तर त्याच्या वडिलांच्या समोर, तीन महिन्यांची मुदत सांगा : "जमलं तर पुढे, नाही जमलं तर नातं तसंच राहील." हे आधी बोललेले नसते तेव्हा मेहुण्याला कामावरून कमी केल्याचे भांडण लग्नकार्यापर्यंत पोचते.

पगार, कागद आणि कायदा

पगाराची तारीख ठरवा आणि पाळा. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही हदीस आपण मुलांना शिकवतो. ती दुकानातही दिसली पाहिजे. उचल दिली तर वहीत तारखेसह लिहा, महिन्याला किती कापायची ते ठरवा. पगार किमान वेतनापेक्षा कमी नको.

साधे का होईना, नियुक्तीपत्र द्या : काम, वेळ, पगार, सुट्टी, सोडताना किती दिवस आधी सांगायचे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्येही नियुक्तीपत्रावर भर आहे. आधारची प्रत आणि घरचा नंबर ठेवा. खाण्याचा पदार्थ हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हवी.

माणसे वाढली की जबाबदारी वाढते. दहा माणसे झाली की ईएसआय लागू होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, त्यातून कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला उपचार मिळतात. वीस माणसांवर पीएफ येतो. दहा माणसांच्या ठिकाणी महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीही लागते. चौदा वर्षांखालील मुलाला नोकरीवर ठेवणे गुन्हा आहे, "फक्त चहा आणायला ठेवलाय" ही सबब चालत नाही.

प्रत्येक जागेला दुसरा माणूस

योग्य माणूस मिळाला म्हणजे काम संपले असे नाही. तो आजारी पडेल, गावी जाईल, कधी स्वतःचे दुकान टाकेल. म्हणून चारही जागांसाठी दुसरा हात तयार करा.

उस्तादाच्या डोक्यातला अंदाज कागदावर आणा : एका पोत्याला पाणी किती, यीस्ट किती, मीठ किती, भट्टीत किती मिनिटे. उस्ताद सहजी सांगणार नाही, कारण शिकवले की आपली गरज संपेल अशी त्याला भीती असते. ती भीती खोटी ठरवणे मालकाच्या हातात आहे. एक शागिर्द तयार केला की पगारात ठरलेली वाढ द्या, आणि शागिर्द आला म्हणून उस्तादाला कधीही काढू नका. गल्ल्यावरच्या माणसाला महिन्यातून दोन दिवस फेरीवर पाठवा, फेरीवाल्याला गल्ल्यावर बसवा. ईदच्या सुट्टीची यादी रमजान सुरू होण्याआधी, दोन महिने अगोदर भिंतीवर लावा.

या आठवड्यात एवढेच करा. चार जागा वहीत लिहा आणि प्रत्येकीसमोर दोन नावे लिहा : आज कोण करतो, आणि तो नसेल तर कोण करील. दुसऱ्या नावाच्या जागी आपल्या शाळेत जाणाऱ्या मुलाचे नाव आले असेल, तर त्या जागेसाठी माणूस शोधायला उद्यापासूनच लागा.