मुष्टियुद्धातील भारप्रशिक्षण

मुष्टियुद्धातील भारप्रशिक्षण म्हणजे ठोशाचा जोर वाढविण्यासाठी वजने, मेडिसिन बॉल इत्यादी साधनांनी करावयाचा पूरक व्यायाम होय. हा खेळ वजनगटांनुसार खेळला जात असल्याने शरीराचे वजन फारसे न वाढविता ताकद वाढविणे हे त्याचे उद्दिष्ट असते.

इतिहास

वजने उचलल्याने स्नायू जड होऊन हात मंदावतात, असा समज प्रशिक्षकांमध्ये दीर्घकाळ रूढ होता. १९८५ मध्ये मायकेल स्पिंक्स याने मॅकी शिल्स्टोन यांच्या मार्गदर्शनाखाली वजन वाढवून लॅरी होम्सला हरविले. विद्यमान लाइट हेवीवेट विजेत्याने हेवीवेट जगज्जेतेपद मिळविण्याची ही पहिलीच वेळ होती.

महाराष्ट्रात

महाराष्ट्रातील तालमींत जोर, बैठका व मुद्गल यांनी ताकद कमावण्याची जुनी परंपरा आहे. पुणे येथे २००१ मध्ये स्थापन झालेल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये मुष्टियुद्ध व भारोत्तोलन या दोन्ही खेळांचे प्रशिक्षण दिले जाते.

पद्धती

ठोशाचा जोर पायांतून निघून कंबर व खांद्यांमार्गे मुठीपर्यंत पोहोचतो. त्यामुळे वजनासह बैठका, डेडलिफ्ट आणि मेडिसिन बॉल फेकणे यांना महत्त्व असते. केवळ दंड फुगविणारे व्यायाम गौण ठरतात. साधारणतः आठवड्यातून २ ते ३ सत्रे घेतात. प्रथम जड वजनाची मोजकी आवर्तने करून ताकद कमावतात. नंतर हलके वजन वेगाने हलवून तिचे चपळाईत रूपांतर करतात. लढत जवळ येताच थकवा उरू नये म्हणून व्यायाम घटवितात.

दक्षता

डंबेल हातात धरून ठोसे मारल्यास भार ठोशाच्या दिशेने न पडता खाली ओढतो. त्याने ठोशाचा जोर विशेष वाढत नाही. खांद्यावर मात्र ताण येतो.