बिघडलेलं अपग्रेड आणि परतीची वाट

 

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला फोन केले. म्हणाले, सर, तुमचा विषय तत्त्वज्ञान. कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करताना फसली तर काय करायचं, हे तुम्ही काय सांगणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही काही मशीन दुरुस्त करणारे नव्हे. पण फसलेल्या अपग्रेडची किंमत आम्ही एकदा मोजली आहे, आणि तेव्हापासून या गोष्टीचा इतिहास जमेल तसा वाचत आलो आहोत. इतिहास एवढ्यासाठी की आपली चूक नवी नव्हती हे त्यातून कळतं, आणि ती टाळता आली असती हेही कळतं.

आधी ती किंमत सांगतो. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीचा पाया घातला गेला, १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. नाथसागराच्या पाण्याखाली पैठण, गंगापूर, नेवासा आणि आपला शेवगाव अशा तालुक्यांतली गावं गेली. हे इथं कुणाला नव्याने सांगायला नको. नव्वदीच्या शेवटी आम्ही ज्या कॉलेजात शिकवत होतो, तिथल्या मुलांना घेऊन अशा गावांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे गेलो. जुन्या शिवारांची नावं, पाणवठे, कुणाच्या वाड्याच्या तुळया नव्या गावठाणात आल्या, कुणाच्या राहिल्या, हे सगळं मुलांनी लिहून घेतलं आणि विभागातल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर टाइप केलं. तीसेक मुलाखती झाल्या. मशीनवर विंडोज ९८ होतं.

२००३ साली विभागाला वाटलं, एक्सपी घालू. अपग्रेड निम्म्यावर आलं आणि वीज गेली. भारनियमनाचे दिवस, यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. वीज आल्यावर मशीन सुरू होईना. बोलावलेला मेकॅनिक म्हणाला, सर, फॉरमॅट मारतो, तासाभरात नवं करून देतो. आम्ही ‘हो’ म्हटलं. मंडळी, त्या एका ‘हो’मध्ये एकोणीस-वीस मुलाखती गेल्या. अकरा तेवढ्या फ्लॉपीवर होत्या म्हणून वाचल्या. मुलाखत दिलेल्यांपैकी बरेच जण तोवर वारले होते. त्यांच्याकडे परत कसं जाणार?

आता इतिहासाकडे येऊ. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र आणि आपलं काम यांच्यामधला कारभारी. प्रोग्राम कारभाऱ्याला सांगतो, कारभारी यंत्राकडून करून घेतो. अपग्रेड म्हणजे चालू संसारात हा कारभारी बदलायचा. नवा कितीही हुशार असला, तरी जुन्याशी झालेले कैक अलिखित करार त्याला ठाऊक नसतात. अपग्रेड फसतं ते बहुतेकदा अशाच एखाद्या करारावर.

१९९१ साली एमएस-डॉस ५ आलं. त्यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या होत्या. एक म्हणजे ‘सेटव्हर’ नावाची आज्ञा. काही जुने प्रोग्राम सुरू होताना विचारायचे, तू कितवा डॉस? उत्तर ओळखीचं आलं नाही की रुसून बसायचे. ‘सेटव्हर’ त्यांना जुना आकडा सांगायची. म्हणजे नरो वा कुंजरो वा! प्रोग्राम गप्प कामाला लागायचा. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. अपग्रेड करताना सेटअप आधी एक फ्लॉपी मागायचा, तिच्यावर परत फिरण्याची सोय करायचा आणि जुनं डॉस वेगळ्या फोल्डरात जपून ठेवायचा. परतीची वाट आधी आणि प्रवास मागून, हे शहाणपण १९९१ सालीच होतं. आम्हाला २००३ साली नव्हतं.

१९९३ साली डॉस ६ आलं. डिस्कवरची माहिती दाबून कमी जागेत बसवणारं ‘डबलस्पेस’ त्यासोबत होतं. जागा वाढते म्हणून लोकांनी हौसेनं वापरलं, आणि माहिती खराब झाल्याच्या तक्रारी आल्या. त्याच वर्षी ६.२ आवृत्ती काढून त्यात डिस्क तपासणारं ‘स्कॅनडिस्क’ द्यावं लागलं. गंमत बघा, तपासणीचं साधन नुकसानीच्या मागून आलं.

आता आपल्या मराठीची गोष्ट. इंग्रजीत काम करणाऱ्यापेक्षा मराठीत काम करणाऱ्याला अपग्रेडचा फटका नेहमी जास्त बसला. का? डॉसच्या काळात पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड आणलं. ते मशीनच्या पोटातल्या खाचेत बसवलं की पडद्यावर देवनागरी दिसायची. पण २००० च्या आसपास नव्या मदरबोर्डवरून ती जुन्या पद्धतीची खाचच गेली. विंडोजवर फॉन्टचा जमाना आला. या फॉन्टांत युक्ती अशी होती की मशीनला वाटायचं आपण रोमन अक्षरं साठवतो आहोत; चेहरा मात्र देवनागरीचा. फॉन्ट असेपर्यंत ‘पाणवठा’, फॉन्ट गेला की नुसती रोमन अक्षरांची खिचडी. शिवाय पुष्कळ मराठी पॅकेजांना प्रिंटरच्या पोर्टला लावायचं कुलूप असे, डीटीपीवाले त्याला ‘लॉक’ किंवा ‘डोंगल’ म्हणायचे. विंडोज ९८ वर प्रोग्राम थेट पोर्टशी बोलू शकत. एक्सपी मात्र एनटीच्या घराण्यातलं. तिथं कारभाऱ्याला वगळून यंत्राशी बोलायला मनाई. योग्य ड्रायव्हर नसेल तर कुलूप जागेवर असूनही दिसायचं नाही.

खरं तर त्याच वेळी चांगलं काहीतरी घडत होतं. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय आणि ‘मंगल’ हा फॉन्ट आला होता. युनिकोडमध्ये ‘प’ हा ‘प’ म्हणूनच साठतो, फॉन्ट कुठलाही असो. पण एक्सपीमध्ये ती सोय आपसूक चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर जाऊन एका चौकोनात खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. ती सीडी तालुक्याच्या गावात कितींकडे होती? औषध घरात आणि कपाटाची किल्ली हरवलेली, अशातली गत.

तर आमच्या अकरा फ्लॉप्या. एक्सपीवर उघडल्या तर खिचडी. आम्ही धरून चाललो, फायली बिघडल्या. पण आमचा एक विद्यार्थी होता, आज तो इथंच कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं आमचंच शास्त्र आम्हाला शिकवलं. तीच फ्लॉपी त्यानं दुसऱ्या एका विंडोज ९८ च्या मशीनवर घातली, तिथं मजकूर नीट दिसला. म्हणजे फाइल शाबूत. मग त्या मशीनवरचा फॉन्ट काढला, तर तिथंही खिचडी. फॉन्ट परत घातला, मजकूर परत. तोच फॉन्ट आमच्या एक्सपीवर टाकला, आणि नाथसागराखाली गेलेली शिवारं पडद्यावर उमटली. टाइप करायला कुलूप लागत होतं. वाचायला नुसता फॉन्ट पुरत होता.

न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. कारण असेल तिथं कार्य असतं, कारण काढलं की कार्य जातं. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या ‘अ सिस्टिम ऑफ लॉजिक’ या ग्रंथात कारण शोधण्याच्या रीती सांगितल्या, त्यांतल्या पहिल्या दोन याच्याच जवळच्या. वर्गात आम्ही धूर आणि अग्नीची उदाहरणं देत वर्षं काढली. वेळ आली तेव्हा मात्र न तपासता ‘फॉरमॅट मारा’ म्हणालो. नंतर त्याच मुलानं सांगितलं, सर, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली असती तर फायली बहुधा तशाच निघाल्या असत्या. म्हणजे अपग्रेड फसल्यानं आमचं नुकसान झालं नव्हतं. ते केलं आमच्या घाईनं.

आजच्या फसण्यालाही हीच रीत लागू आहे. विंडोज १० पासूनचं अपग्रेड चार टप्प्यांत होतं: जुन्या सिस्टिममध्ये तयारी, मग एका छोट्या सुरक्षित सिस्टिममधलं काम, मग नव्या सिस्टिमची पहिली सुरुवात, मग दुसरी. फसलं की पडद्यावर आकड्यांची लांब ओळ येते. लोक तिला शिवी समजतात. ती खरं म्हणजे पत्ता असते. जोडून आलेल्या दुसऱ्या संख्येतला पहिला अंक कितव्या टप्प्यावर गाडं अडलं ते सांगतो. तीन असेल तर पहिल्या सुरुवातीला, आणि तिथं संशयित बहुधा एखादा ड्रायव्हर. मग काय करायचं? जुना प्रिंटर, स्कॅनर, पेनड्राइव्ह, जे बाहेरून जोडलंय ते काढायचं. अँटीव्हायरस काढून ठेवायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा बघायचं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर मशीन सुरू होईलही, पण रोग कशाने गेला ते कधीच कळणार नाही. कधी गंमत अशी की सी ड्राइव्हवर भरपूर जागा असते आणि अपग्रेड म्हणतं जागा नाही. विंडोज ७ आपल्यासाठी १०० एमबीचा एक लपलेला कप्पा करायचं. तो भरलेला असतो. घर मोठं, पण उंबऱ्यातच अडगळ.

तुम्ही म्हणाल, यशस्वी झालं की सुटलो. तसंही नाही. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि चार दिवसांत थांबवावं लागलं. काही जणांच्या फायली पुसल्या गेल्या होत्या. ज्यांनी आपलं ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर दुसऱ्या जागी वळवलं होतं, पण काही फायली जुन्याच जागी ठेवल्या होत्या, त्यांचं ते जुनं फोल्डर रिकामं समजून काढून टाकलं गेलं. प्रमाण फार थोडं होतं, दहा हजार अपडेटांमागे एक तक्रार असं कंपनीने सांगितलं. पण ज्याच्या फायली गेल्या त्याच्या पूर्णच गेल्या. सुधारून ते नोव्हेंबरात पुन्हा दिलं. अपग्रेड ‘झालं’ म्हणणं आणि सगळं जागेवर आहे म्हणणं, ही दोन वेगळी विधानं आहेत.

हे आपल्या महसूल खात्याला बरं कळलं होतं. हाती लिहिलेला सातबारा संगणकात गेला तेव्हा दोन्हींत तफावती निघाल्या. कुणाचं क्षेत्र चुकलं, कुणाचं नाव. मग २०१७ साली राज्यभर चावडी वाचन झालं. गावकऱ्यांसमोर संगणकातला उतारा वाचायचा, चूक असेल ती नोंदवायची, आणि मग दुरुस्ती. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तो या तपासणीच्या मागून. ज्याची जमीन त्यालाच वाचून दाखवा, यापेक्षा चांगली चाचणी कोणती?

आणि याहून जुना दाखला हवा असेल तर आपण शेवगावकर दोन मोठ्या गावांच्या मधे बसलो आहोत. एका अंगाला नेवासा, तिथं शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. दुसऱ्या अंगाला पैठण. जवळपास तीनशे वर्षं नकलांवरून नकला होत पाठ बिघडत गेले, तेव्हा शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथ महाराजांनी पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यात कुणी आपल्या ओव्या घालू नयेत असं शेवटी बजावलं. पाठ बिघडला म्हणून त्यांनी ग्रंथ नव्याने रचला नाही. फॉरमॅट मारला नाही म्हणा ना! जुन्या प्रती होत्या, म्हणूनच ताडता आलं.

आता आजचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, ती पुष्कळ जुन्या मशीनांत नाही. पतसंस्था, शाळा, झेरॉक्सची दुकानं, सगळीकडे ‘आता काय’ हा प्रश्न आहे. कुणी नवं मशीन घेईल, कुणी लिनक्स घालील. काहीही करा, पण आमचं एवढं ऐका. आधी फायलींची एक प्रत त्या मशीनच्या बाहेर न्या आणि ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. जुन्या फॉन्टातला मराठी मजकूर जुनं मशीन जिवंत आहे तोवर युनिकोडमध्ये करून घ्या, आणि तो माणसाकडून वाचून घ्या, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार घसरतात. अपग्रेडनंतर जुनी सिस्टिम ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात असते, पण मागे फिरायला साधारण दहाच दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत रोजचं प्रत्येक काम एकदा करून बघा. आणि कुणी ‘फॉरमॅट मारू का’ म्हटलं, तर उत्तर द्यायच्या आधी एक रात्र जाऊ द्या.

आमच्या त्या अकरा मुलाखती आता युनिकोडमध्ये आहेत, तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, आणि त्या कुटुंबांना वाचून दाखवल्या आहेत. एका घरी आजीच्या मुलाखतीत शेताचं नाव चुकीचं पडलं होतं, ते तिच्या नातवाने दुरुस्त केलं. उरलेल्या एकोणीस-वीस घरांतलं कुणी आज इथं बसलं असेल, तर व्याख्यान संपल्यावर आम्हाला जरूर भेटा. आईवडिलांकडून ऐकलेलं जे आठवतं ते सांगा. आम्ही वही आणली आहे.

प्रश्न असतील तर आता विचारा.